‘अ रेझिन इन द सन’ : घर, शिक्षण आणि उत्पन्न यांचे शिकागोतील गणित

प्रास्ताविक

लॉरेन हॅन्सबरी यांचे ‘अ रेझिन इन द सन’ हे नाटक ११ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्क येथील ब्रॉडवेच्या रंगभूमीवर आले. ब्रॉडवेवर सादर झालेले ते कृष्णवर्णीय स्त्रीचे पहिले नाटक होय. लॉइड रिचर्ड्स यांनी त्याचे दिग्दर्शन केले आणि सिडनी पॉयटिए यांनी वॉल्टर लीची भूमिका केली. त्याच वर्षी नाटकाला न्यूयॉर्कच्या नाट्यसमीक्षक मंडळाचा पुरस्कार मिळाला. त्या वेळी लेखिकेचे वय अवघे अठ्ठावीस होते. पुढे १२ जानेवारी १९६५ रोजी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आपल्याकडील इंग्रजी विभागांतून आफ्रिकन-अमेरिकन साहित्याच्या अभ्यासात हे नाटक अनेकदा नेमले जाते. नाटकाचे शीर्षक लँग्स्टन ह्यूज यांच्या ‘हार्लेम’ या कवितेतून घेतलेले असल्याने ‘लांबणीवर पडलेले स्वप्न’ हे त्याचे मध्यवर्ती सूत्र मानण्याचा प्रघात पडला आहे. कुटुंबातील संघर्ष, पुरुषत्वाचा शोध, आफ्रिकी अस्मिता हे विषयही विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतून नेमाने येतात. हे वाचन चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. स्वप्न कोणाचे, याची चर्चा होते. त्या स्वप्नाची किंमत किती आणि ती कोण ठरवते, याची होत नाही.

प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, हे नाटक मूलतः महानगरातील विषमतेच्या अर्थव्यवहाराचे नाटक आहे. घर, शिक्षण आणि उत्पन्न या तीन गोष्टी वंशभेदाने विभागलेल्या शहरात एकमेकींशी कशा जखडलेल्या असतात, याचे जे विवेचन समाजशास्त्रज्ञांनी नंतर केले, त्यातील बराच भाग हॅन्सबरी यांनी एका दिवाणखान्यात मांडून दाखविला आहे. त्याचबरोबर नाटकाला जे दिसले नाही, त्याचाही विचार करणे आवश्यक आहे.

दहा हजार डॉलरचा हिशेब

नाटकाचे कथानक सर्वपरिचित आहे. शिकागोच्या दक्षिण भागातील एका कोंदट बिऱ्हाडात यंगर कुटुंबाच्या तीन पिढ्या राहतात. घरातील कर्ता पुरुष वारला असून त्याच्या विम्याचे दहा हजार डॉलर यावयाचे आहेत. मुलगा वॉल्टर ली श्वेतवर्णीय धनिकाकडे मोटारचालक आहे. त्याची पत्नी रूथ आणि आई लीना परक्यांच्या घरी धुणीभांडी व घरकाम करतात. बहीण बेनीथा महाविद्यालयात शिकत असून तिला डॉक्टर व्हावयाचे आहे. वॉल्टरचा मुलगा ट्रॅव्हिस रात्री बैठकीच्या खोलीतील कोचावर झोपतो आणि स्नानगृह शेजाऱ्यांबरोबर सामायिक आहे.

या रकमेचे पुढे काय होते, ते आकड्यांनिशी पाहावे. लीना साडेतीन हजार डॉलर भरून क्लायबोर्न पार्क या श्वेतवर्णीयांच्या वस्तीत घर घेते. उरलेले साडेसहा हजार ती वॉल्टरच्या हाती देते. त्यांतील तीन हजार बेनीथाच्या वैद्यकीय शिक्षणासाठी बाजूला ठेवावयाचे, बाकीचे वॉल्टरच्या अखत्यारीत, असे ती सांगते. वॉल्टर सगळी रक्कम दारूच्या दुकानाच्या भागीदारीसाठी विली हॅरिसकडे सोपवतो आणि विली ती घेऊन पसार होतो. अशा रीतीने घर, शिक्षण व व्यवसाय या तीन वाटा एकाच रकमेतून फुटतात आणि त्यांतील दोन एकाच दिवशी बुडतात.

येथे एक बाब लक्षात घेतली पाहिजे. ही रक्कम यंगर कुटुंबाने मिळविलेल्या उत्पन्नातून साठलेली नाही. घरातील सर्व प्रौढ माणसे कष्ट करीत असूनही त्यांच्यापाशी बचत नाही. आयुष्यभर राबलेल्या माणसाचा मृत्यू हीच या घराची एकमेव भांडवलनिर्मिती आहे. उत्पन्न आणि संपत्ती यांतील हा भेद अर्थशास्त्रीय चर्चेत पुढे मेल्व्हिन ऑलिव्हर व टॉमस शपिरो यांच्या ‘ब्लॅक वेल्थ, व्हाइट वेल्थ’ (१९९५) या ग्रंथाने ठळकपणे मांडला. वेतनातील अंतर कमी झाले तरी संपत्तीतील अंतर पिढ्यान्‌पिढ्या राहते, कारण संपत्ती वारशाने येते आणि अमेरिकेतील मध्यमवर्गाची संपत्ती मुख्यतः घराच्या रूपाने असते, हा त्यांचा युक्तिवाद होय. लीना घर निवडते ते केवळ मातृहृदयाच्या ओढीने नव्हे, हे या प्रकाशात ध्यानात येते.

पहिल्या प्रवेशातील एक प्रसंगही असाच बोलका आहे. ट्रॅव्हिसला शाळेत नेण्यासाठी पन्नास सेंट हवे असतात. रूथ नाही म्हणते. वॉल्टर मात्र बापाचा मान राखण्यासाठी पन्नास सेंट देतो, वर आणखी पन्नास देतो आणि थोड्याच वेळात कामावर जाण्यासाठी स्वतःचे गाडीभाडे रूथकडे मागतो. मुलाची शाळा आणि बापाची मजुरी एकाच नाण्यावर अवलंबून असल्याचे हे चित्र आहे. समीक्षेत या प्रसंगाची दखल बहुधा विनोद म्हणून घेतली जाते. वस्तुतः तो नाटकाच्या अर्थव्यवहाराची प्रस्तावना आहे.

क्लायबोर्न पार्कच का ?

या नाटकावरील सर्वांत गंभीर आक्षेप हॅरल्ड क्रूझ यांनी ‘द क्रायसिस ऑफ द निग्रो इंटलेक्चुअल’ (१९६७) या ग्रंथात घेतला. हॅन्सबरी यांनी कष्टकरी कुटुंबाच्या मुखातून मध्यमवर्गाच्या आकांक्षा वदवल्या आणि श्वेतवर्णीयांत मिसळून जाण्यालाच मुक्ती मानले, असा त्याचा आशय. अमिरी बराका यांचेही आरंभीचे मत याच प्रकारचे होते. पुढे १९८० च्या दशकात त्यांनी ते जाहीरपणे बदलले.

या आक्षेपाचे उत्तर संहितेतच आहे. गोऱ्यांच्या वस्तीत घर का घेतले, असे घरच्यांनी विचारल्यावर लीना सांगते की, कृष्णवर्णीयांसाठी दूरवर बांधलेली घरे इतरांच्या घरांच्या दुप्पट किमतीची वाटतात. तिने आपल्या पैशांत कुटुंबासाठी जे सर्वांत चांगले मिळाले, ते घेतले. तिच्या बोलण्यात शेजाराची ओढ कोठेही नाही. वेगळ्या केलेल्या समाजाला वस्तू महाग पडते, कारण त्याला दुसऱ्या दुकानात जाण्याची मुभा नसते, हे बाजाराचे सूत्र एक मोलकरीण साध्या शब्दांत सांगते. समरसतेची आकांक्षा आणि दुहेरी बाजारातून सुटण्याचा प्रयत्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रूझ यांनी त्या एक मानल्या.

हा दुहेरी बाजार लेखिकेची कल्पना नव्हती. दक्षिणेकडून होणाऱ्या स्थलांतरामुळे शिकागोतील कृष्णवर्णीयांची संख्या १९१० मधील सुमारे ४४ हजारांवरून १९३० मध्ये सुमारे २ लाख ३४ हजार आणि १९६० मध्ये ८ लाख १२ हजारांवर गेली. लोकसंख्या वाढली, पण तिला राहण्यास दिलेली जागा त्या प्रमाणात वाढली नाही. वंशानुसार वस्त्या आखणारे नगरपालिकांचे नियम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये अवैध ठरविल्यानंतर मालकांनी आपसांत निर्बंधक करार करण्याचा मार्ग पत्करला. या करारांनुसार ठरावीक भागातील मालमत्ता कृष्णवर्णीयांना विकता वा भाड्याने देता येत नसे. शिकागो विद्यापीठाने आपल्या परिसरातील मालकसंघटनांना या करारांच्या बचावासाठी आर्थिक साहाय्य केले होते, ही गोष्ट उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी विसरू नये. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या संघराज्याच्या गृहनिर्माण प्रशासनाने कर्जहमीच्या नियमांतच अशा करारांची शिफारस केली. कृष्णवर्णीय वस्त्या जोखमीच्या ठरवून त्यांना कर्ज नाकारण्याची पद्धत ‘रेडलायनिंग’ या नावाने ओळखली जाते.

बँक कर्ज देत नसल्याने शिकागोतील असंख्य कृष्णवर्णीय कुटुंबांनी १९५० व १९६० च्या दशकांत हप्त्यांच्या करारावर घरे घेतली. या व्यवहारात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी विक्रेत्याकडेच राही. एखादा हप्ता चुकला तरी घर आणि भरलेले पैसे दोन्ही जात. या पद्धतीमुळे शिकागोतील कृष्णवर्णीयांचे तीन ते चार अब्ज डॉलरचे नुकसान झाले, असा अंदाज ड्यूक विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या २०१९ च्या अभ्यासात मांडण्यात आला. लॉनडेल भागातील खरेदीदारांनी १९६८ मध्ये संघटना उभारून हप्ते रोखण्याचे आंदोलन केले. विली हॅरिस हा नाटकातील एकटा ठक आहे. प्रत्यक्षातील फसवणूक मात्र सहीशिक्क्यानिशी होत होती.

लेखिकेचे घर आणि न्यायालयाचा निकाल

हॅन्सबरी यांचे वडील कार्ल हॅन्सबरी यांनी १९३७ मध्ये निर्बंधित भागात घर घेतले. जमावाने त्या घरावर हल्ला केला. आत फेकलेल्या विटेच्या माऱ्यातून लहानगी लॉरेन थोडक्यात बचावली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९४० मध्ये ‘हॅन्सबरी विरुद्ध ली’ या खटल्यात निकाल त्यांच्या बाजूने लागला. मात्र हा निकाल बारकाईने पाहावा लागतो. संबंधित करार अमलात येण्यासाठी ९५ टक्के दर्शनी जागेच्या मालकांच्या सह्या आवश्यक होत्या. तेवढ्या सह्या झाल्याचे एका जुन्या दाव्यात उभयपक्षी मान्य करण्यात आले होते. प्रत्यक्षात त्या जेमतेम निम्म्यांहून थोड्या अधिक होत्या. त्या जुन्या दाव्यात पक्षकार नसलेल्यांवर तो निकाल बंधनकारक नाही, एवढेच न्यायालयाने म्हटले. वंशभेदी करार न्याय्य की अन्याय्य, हा प्रश्न न्यायालयाने हाताळलाच नाही. असे करार न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत, हे ठरण्यास १९४८ साल उजाडावे लागले आणि घरविक्रीतील वंशभेदाला कायद्याने बंदी येण्यास १९६८.

हा तपशील नाटकाच्या वाचनासाठी महत्त्वाचा आहे. क्लायबोर्न पार्कच्या रहिवाशांचा प्रतिनिधी कार्ल लिंडनर यंगरांच्या घरी येतो तेव्हा कायद्याची भाषा बोलत नाही. तो सभ्यपणे, लाजत, सलोख्याचे दाखले देत घर नफा देऊन परत विकत घेण्याचा प्रस्ताव मांडतो. १९४८ नंतर कराराचा आधार गेला होता. आता बहिष्काराची किंमत रोख मोजावी लागत होती. शेजारी कोण नसावे यासाठी माणसे पैसे देण्यास तयार असतात, याचाच अर्थ वंश हा मालमत्तेच्या मूल्याचा एक घटक झालेला असतो. त्यामुळे लिंडनर व्यक्तिशः दुष्ट आहे की नाही, हा प्रश्न गौण ठरतो.

या चरित्राची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. कार्ल हॅन्सबरी हे मालमत्तेचे व्यावसायिक होते. मोठ्या सदनिकांची लहान लहान एकखोली बिऱ्हाडे पाडून ती कृष्णवर्णीय स्थलांतरितांना भाड्याने देण्यातून त्यांची समृद्धी आली होती. म्हणजे यंगर कुटुंब ज्या प्रकारच्या बिऱ्हाडात गुदमरते, त्या प्रकारच्या बिऱ्हाडांच्या भाड्यावर लेखिकेचे बालपण पोसले गेले. नाटकात यंगरांचा घरमालक कोठेही दिसत नाही. हे मौन योगायोगाचे मानणे कठीण आहे. क्रूझ यांच्या आक्षेपात तथ्य असेल तर ते लीनाच्या निवडीत नसून या अनुपस्थितीत आहे.

वर्ग की वंश ?

शिकागो हे या वादाचे जणू प्रयोगक्षेत्र राहिले आहे. सेंट क्लेअर ड्रेक व होरेस केटन यांच्या ‘ब्लॅक मेट्रॉपोलिस’ (१९४५) पासून ही परंपरा चालत आली आहे. विल्यम ज्युलियस विल्सन यांनी ‘द ट्रूली डिसअॅडव्हान्टेज्ड’ (१९८७) मध्ये कारखानदारी शहरातून निघून गेल्याने आणि मध्यमवर्गीय कृष्णवर्णीय जुन्या वस्त्यांतून बाहेर पडल्याने दारिद्र्य एका जागी साचले, असे प्रतिपादन केले. १९७१ मध्ये बंद झालेला शिकागोचा पशुधन बाजार आणि १९९२ मध्ये बंद पडलेला साउथ वर्क्स पोलाद कारखाना ही या प्रक्रियेची ठळक उदाहरणे होत. उलटपक्षी डग्लस मॅसी व नॅन्सी डेंटन यांनी ‘अमेरिकन अपार्थाइड’ (१९९३) मध्ये वस्तीचे वांशिक विभाजन हेच मूळ कारण मानले. ते नसते तर रोजगाराचा तोच आघात सर्व शहरावर पसरला असता.

नाटकात या दोन्ही भूमिकांना आधार सापडतो. जॉर्ज मर्चिसन हा धनाढ्य कृष्णवर्णीयाचा पुत्र वॉल्टरच्या धंद्याच्या गप्पा उडवून लावतो. वर्गभेद वंशाच्या आतही आहे, हे त्यातून दिसते. परंतु लिंडनर दारात येतो तेव्हा तो उत्पन्न विचारत नाही. या दोन प्रसंगांना शेजारी ठेवून वाचले असता मॅसी व डेंटन यांचे पारडे किंचित जड होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वर्ग माणसाची पायरी ठरवितो, पण जिना कोठे संपतो हे वंश ठरवितो.

ट्रॅव्हिसची शाळा

दुसऱ्या अंकात वॉल्टर ट्रॅव्हिसला भविष्याचे चित्र रंगवून सांगतो. मुलगा सतरा वर्षांचा होईल, देशातील मोठमोठ्या महाविद्यालयांची माहितीपत्रके पुढ्यात पसरलेली असतील आणि त्याने फक्त निवड करावयाची असेल. नाटकातील हा सर्वांत करुण प्रसंग होय, कारण शिक्षणाचे पैसे पुढे घराबाहेर जाणार आहेत. तथापि वॉल्टरला आणि बहुधा लेखिकेलाही एक मधला टप्पा दिसत नाही. तो म्हणजे ट्रॅव्हिसची आजची शाळा.

त्या काळी शिकागोतील कृष्णवर्णीय वस्त्यांतील अनेक शाळा दोन पाळ्यांत चालत. मुलांना अर्ध्या दिवसाचेच शिक्षण मिळे. जवळच्या श्वेतवर्णीय शाळांत जागा असतानाही शिक्षण अधीक्षक बेंजामिन विलिस यांनी मुलांना तेथे पाठविण्याऐवजी तात्पुरत्या फिरत्या खोल्या उभ्या केल्या. याच्या निषेधार्थ २२ ऑक्टोबर १९६३ रोजी दोन लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी शाळेवर बहिष्कार टाकला. ट्रॅव्हिसच्या पिढीचे उत्तर हे होते.

शाळा वस्तीशी बांधलेली असते आणि इलिनॉय राज्यात तिचा खर्च मोठ्या प्रमाणावर स्थानिक मालमत्ताकरावर चालतो. जेथे घरांच्या किमती जास्त, तेथे कराचा दर कमी असूनही शाळेला पैसा जास्त. जोनाथन कोझोल यांनी ‘सॅव्हेज इनिक्वॉलिटीज’ (१९९१) मध्ये शिकागोच्या शाळा आणि उत्तरेकडील श्रीमंत उपनगरातील न्यू ट्रायर हायस्कूल यांची तुलना करून हे अंतर दाखविले. २०१७ मध्ये राज्याने निधिवाटपाचे सूत्र बदलून गरजू जिल्ह्यांना अग्रक्रम दिला. तरी मालमत्ताकराचा पाया कायम आहे. येथे महानगराची सीमा निर्णायक ठरते. १९७४ मध्ये डेट्रॉइटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वंशविभाजनावरील उपाय सामान्यतः जिल्ह्याच्या हद्दीत मर्यादित केला. १९७६ मध्ये शिकागोच्या गॉट्रो खटल्यात मात्र घरांच्या बाबतीत उपाय संपूर्ण महानगरात करण्यास मुभा दिली.

गॉट्रो खटल्यातून निघालेली योजना ही यंगर कुटुंबाची पुढची गोष्ट म्हणता येईल. १९७६ ते १९९८ या काळात सुमारे सात हजार कुटुंबांना या योजनेतून घरे मिळाली आणि त्यांतील अनेक उपनगरांत गेली. जेम्स रोझेनबॉम यांच्या पाहणीत उपनगरात गेलेल्या कुटुंबांतील मुलांचे महाविद्यालयात जाण्याचे प्रमाण शहरात राहिलेल्यांपेक्षा लक्षणीय अधिक आढळले. पाहणीतील कुटुंबांची संख्या लहान होती व ती स्वेच्छेने सहभागी झालेली होती, हे ध्यानात घेऊनही तिचा अर्थ दुर्लक्षिता येत नाही. लीनाचे गणित बरोबर होते. घर बदलले की शाळा बदलते आणि शाळा बदलली की उत्पन्नाची वाट बदलते. परंतु सात हजार कुटुंबांना बाहेर काढणे म्हणजे मागे राहिलेल्या लाखोंचा प्रश्न सोडविणे नव्हे. नाटकही एका कुटुंबाबरोबर निघून जाते. शेजारची बिऱ्हाडे तेथेच राहतात.

आजचे शिकागो अधिक गुंतागुंतीचे आहे. २०२० च्या जनगणनेनुसार शहरात श्वेतवर्णीय, लॅटिनो व कृष्णवर्णीय हे तिन्ही समूह प्रत्येकी साधारण तीस टक्क्यांच्या आसपास आहेत. श्वेतवर्णीय कुटुंबांचे मध्यगा उत्पन्न कृष्णवर्णीय कुटुंबांच्या दुपटीहून अधिक असून लॅटिनो कुटुंबे या दोहोंच्या मध्ये आहेत. १९८० मध्ये सुमारे १२ लाख असलेली कृष्णवर्णीयांची संख्या २०२० मध्ये आठ लाखांखाली आली. २०१३ मध्ये एकाच वेळी सुमारे पन्नास शाळा बंद करण्यात आल्या. त्यांतील बहुसंख्य विद्यार्थी कृष्णवर्णीय होते. ब्रूस नॉरिस यांनी ‘क्लायबोर्न पार्क’ या नाटकात (पुलित्झर पारितोषिक २०११) यंगरांचे तेच घर १९५९ आणि २००९ अशा दोन काळांत दाखविले आहे. त्यात संवादांतील ढोंग नेमके पकडले गेले आहे; पण हॅन्सबरी यांच्या नाटकातील पैशांचा हिशेब तेथे पातळ होतो.

मराठी वाचनाच्या संदर्भात

महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केली. डॉ. आंबेडकर यांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील चळवळीवरून घेतले. हा संबंध जुना आणि खरा आहे. मात्र दोन्ही साहित्यांची तुलना करताना आपला भर वेदना, विद्रोह व अस्मिता यांवर राहिला. बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेतील नायकाला भाड्याच्या खोलीसाठी जात लपवावी लागते. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) मधील मुंबईचा कावाखाना हीदेखील एक आखून दिलेली वस्तीच आहे. शिकागोत बहिष्कार करारपत्रावर लिहिलेला होता. आपल्याकडे तो बहुधा लिहावा लागला नाही. हा फरक लक्षात ठेवूनच तुलना करावी. पण घर, शाळा आणि मिळकत यांच्या साखळीचा प्रश्न या कलाकृतींनाही विचारला गेला पाहिजे.

निष्कर्ष

१. ‘अ रेझिन इन द सन’ हे स्वप्नभंगाचे नाटक असण्यापूर्वी संपत्तीच्या अभावाचे नाटक आहे. त्यातील प्रत्येक स्वप्नाला आकडा आहे आणि सर्व आकड्यांचा उगम एका मृत्यूत आहे.

२. क्लायबोर्न पार्कमधील घराची निवड समरसतेच्या ओढीतून नव्हे, तर दुहेरी बाजाराच्या अनुभवातून झालेली आहे. क्रूझ यांचा आक्षेप या मुद्द्यावर टिकत नाही.

३. घरमालकाची अनुपस्थिती आणि ट्रॅव्हिसच्या शाळेविषयीचे मौन या नाटकाच्या खऱ्या मर्यादा होत.

४. शिक्षणातील व उत्पन्नातील विषमता वेगवेगळ्या नाहीत. महानगरात त्यांना जोडणारा दुवा राहण्याची जागा हा आहे.

आपण वर्गात विद्यार्थ्यांना ‘शिका म्हणजे पुढे जाल’ असे सांगत असतो. बेनीथा हुशार आहे, जिद्दी आहे आणि तिला शिकावयाचे आहे. तरीही तिचे शिक्षण थांबते. ते तिच्यातील उणिवेमुळे थांबत नाही, तर एका भावाची एक चूक सोसण्याइतकेही बळ त्या घराजवळ नसल्यामुळे थांबते. तशीच चूक सुस्थित कुटुंबातील भाऊही करतो. तेथे बहिणीचे महाविद्यालय सुटत नाही. आपल्यासमोर बसलेल्या विद्यार्थ्यांत अशी घरे कोणाची आहेत, हे ठाऊक करून घेतल्याशिवाय हे नाटक शिकविणे अपुरे राहील.